साडेपंचावन्न

त्या रविवारी शाळेच्या व्यायामशाळेत
मतं मोजली आम्ही, मी आणि वुकोता,
आणि कोपऱ्यात परदेशातून आलेला एक निरीक्षक,
ज्याला आमची भाषा येत नव्हती, म्हणून तो
रात्रभर माझ्या बोटांकडेच पाहत बसला.

सर्बियासोबत राहायचं की निघायचं, इतकंच.
एकशे चौदा कागद. त्यातला एक कोरा.
तो कुणाचा, हे मला घडीवरून कळलं.
एवढ्याशा गावात मतदान गुप्त असतं,
गुपित नसतं.

निघायला पंचावन्न टक्के हवे होते.
मध्यरात्र उलटल्यावर रेडिओ म्हणाला, साडेपंचावन्न.
त्या अर्ध्यावर मोंटेनेग्रो देश झाला.
वुकोताने अंगणात जाऊन आकाशात तीन गोळ्या झाडल्या,
मग आत येऊन रडला, कारण त्याचा थोरला भाऊ
तीस वर्षं बेलग्रेडमध्ये ट्राम चालवतो
आणि त्याला मत नव्हतं.
लक्झेंबर्गहून आलेल्या वेटर पुतण्याला होतं.
त्याचं तिकीट कुणी काढलं, ते विचारायचं नसतं.

पूर्वी कसं सोपं होतं.
रस्ता खचला? बेलग्रेड.
मास्तरांचा पगार थकला? बेलग्रेड.
दाराआड एक खिळा असतो ना,
येईल तो आपला ओला कोट त्यावर टांगतो,
तसं होतं ते शहर आम्हाला.
खिळा निघाला.
कोट आपापल्या हातात घेऊन आम्ही उभे,
खाली पाणी ठिबकतंय.

मला वाटलं होतं, बरं झालं,
आता गाऱ्हाणं लांब न्यायला नको,
राजधानी बसने दोन तासांवर.
आणि खरंच जवळ आलं सगळं.
इतकं जवळ, की सचिवाचा ड्रायव्हर
माझ्या भाच्याचा धर्मपिता निघाला,
आणि पाणी खात्याच्या ज्या साहेबाने
आमचा ओढा पाइपात घालायच्या कागदावर सही केली,
त्यानेच माझ्या यागोदाला पोस्टात चिकटवलं होतं.

तो कागद मी तीनदा वाचला.
एखादं परकं नाव सापडेल म्हणून.
एकही नाही. अक्षरं आमची, शिक्का आमचा,
त्यावरचा दोन तोंडांचा गरुड अजून कोराकरकरीत.
खाली वीजकेंद्राच्या मालकाचं नाव,
त्याच्या घरच्या सणाला मी कोकरू खाल्लंय,
हाडं चोखून.

परक्याला शिव्या घालता येतात,
म्हातारे रोज संध्याकाळी घालायचे, त्यांना पचायलाही बरं पडायचं.
घरच्याला घालायच्या तर
आधी त्याच्या ताटावरून उठावं लागतं.

मिलोसावा उठली.
एकोणऐंशी वर्षांची. तिची पाणचक्की त्या ओढ्यावर.
खोदणाऱ्या यंत्रापुढे स्टूल टाकून बसली,
मांडीवर अर्धा विणलेला मोजा.
यंत्रावर वुकोताचाच पोरगा.
त्याने इंजिन बंद केलं, तिने त्याला कॉफी दिली,
पुन्हा चालू केलं, ती हलली नाही,
पुन्हा बंद केलं.

मी विचारलं, तेव्हा कोरा का टाकलास गं?
ती म्हणाली, चष्मा घरी राहिला होता.
मग बराच वेळ टाके मोजले,
आणि म्हणाली, आणि कुणासोबत राहायचं ते विचारत होते तुम्ही.
मला दुसरं काहीतरी सांगायचं होतं,
त्याला कागदावर जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिथे नऊ जण होते.
तिसऱ्या दिवशी सहा, कारण गवत कापणीला आलं होतं.
देश वेगळा झाला म्हणून हे झालं,
की वेगळा होऊनही व्हायचं राहिलं होतं ते,
मला ठरवता येत नाही. मी मोजणारी बाई.

आज सकाळी व्यायामशाळा उघडून
तीच खुर्ची काढली, निरीक्षकाची.
खांद्यावर घेऊन ओढ्यापर्यंत आले.
पोस्टावरून येताना यागोदाने खिडकीतून पाहिलं,
हाक मारली नाही.

खुर्ची मांडली आहे.
एक पाय दगडावर येतो, डुगडुगते.
अजून बसले नाही.